संमेलनाच्या सहलीचं स्क्रॅपबुक: या चुका टाळा

घरच्या सहलीच्या अल्बममध्ये काही चुकलं तर ते घरातच राहतं. पर्यटन मंडळाच्या वार्षिक संमेलनाचं स्क्रॅपबुक मात्र सगळ्या सभासदांच्या घरी फिरतं, आणि ज्यांचं आडनाव चुकलंय त्यांच्या हातात नेमकं तेच पान आधी उघडतं. शिवाय इथे सामान एकट्याचं नसतं. फोटो पंचवीस जणांच्या फोनमध्ये, तिकिटं कुणाच्या तरी पर्समध्ये, कार्यक्रमपत्रिका चिटणिसांकडे. म्हणून या स्क्रॅपबुकातल्या बहुतेक चुका कात्री हातात घेण्याच्या आधीच, परत आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात होऊन गेलेल्या असतात.

बोलायला सोपं जावं म्हणून संमेलन छत्रपती संभाजीनगरला भरलं असं धरू. एक दिवस सभागृहात, मग वेरूळ, दौलताबाद आणि अजिंठा.

तिकिटं आणि बिलं तशीच चिकटवणं

एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट, हॉटेलचं बिल, पार्किंगची पावती हे बहुतेक सगळं थर्मल कागदावर येतं. त्यावर शाई नसतेच. कागदावरचा रासायनिक थर उष्णतेने काळा होतो आणि अक्षरं उमटतात. तोच थर प्रकाशाने, उन्हाने, गोंदातल्या द्रावकाने आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटानेही बिघडतो. वर्ष-दोन वर्षांत पानावर कोरी पट्टी उरते आणि शेजारी आपण हौसेने लिहिलेलं असतं, ‘फर्दापूर टी-पॉइंट ते लेणी, बसचं तिकीट’.

टिकावं म्हणून तिकीट लॅमिनेट करणं ही त्याहून मोठी चूक. गरम रोलरमधून गेलं की थर्मल कागद एकसारखा काळा होऊन बाहेर येतो. त्यातून तिकीट परत मिळवायचा काही उपाय नाही.

घरी आल्याबरोबर, बॅग रिकामी करतानाच, सगळी तिकिटं स्कॅन करा किंवा झेरॉक्स काढा. स्क्रॅपबुकात झेरॉक्स लावा. मूळ तिकीट हवंच असेल तर पानाच्या मागे कागदी पाकिटात, गोंद न लावता ठेवा. अक्षरं पुसट व्हायला लागलेली असतील तर फोनने फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. बऱ्याचदा आकडे वाचता येतात. इस्त्री फिरवून अक्षरं वर येतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

‘नावं नंतर लिहू’

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि कागद-गोंदाच्या चुकांपेक्षा हिच्यावर जास्त वेळ घालवावा असं माझं स्पष्ट मत आहे. वेरूळच्या कैलास लेण्यासमोर काढलेल्या समूहफोटोत कोण कोण आहे हे परतीच्या बसमध्ये सगळ्यांना माहीत असतं. सहा महिन्यांनी मागच्या रांगेतल्या निम्म्या लोकांबद्दल ‘हे ठाण्याच्या शाखेचे ना?’ इथपर्यंतच गाडी जाते. काही वर्षांनी तर तेही सांगणारं कुणी सापडत नाही.

जुन्या शाळांच्या फोटोखाली असायची तशी ‘डावीकडून’ यादी दोन सरळ रांगांना पुरते. पण सहलीच्या फोटोत कुणी पायरीवर बसलेलं, कुणी खांबाला टेकलेलं, कुणी अर्धं झाकलेलं. तिथे ट्रेसिंग पेपर घ्या. छापील फोटोवर ठेवून डोक्यांच्या नुसत्या कडा पेन्सिलीने हलकेच गिरवा, प्रत्येक डोक्यात आकडा घाला आणि खाली आकड्यांपुढे नावं लिहा. हा कागद फोटोच्या समोरच्या पानावर लावायचा. दाब देऊन गिरवू नका, चकचकीत फोटोवर वळ उमटतो आणि तो जात नाही.

नावं आठवत नसतील तर शोधायची कुठे? व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ‘हे कोण?’ विचारलं की तीन वेगळी उत्तरं येतात. त्यापेक्षा बसची आसनयादी आणि हॉटेलची खोलीवाटपाची यादी मिळवा. दोन्हींवर पूर्ण नावं असतात, आणि कोण कुणासोबत होतं हेही कळतं. या याद्या आयोजक परतल्याच्या दुसऱ्या दिवशी फेकून देतात, त्यामुळे निरोप घेतानाच मागून घ्या. खरं तर ती आसनयादी एका पानावर तशीच लावावी. दीपप्रज्वलनाच्या फोटोपेक्षा लोक ती जास्त वेळ वाचतात.

नाव लिहिताना ‘सौ. कुलकर्णी’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्याही मंडळात कुलकर्णी आणि पाटील एकेकट्या नसतात.

फोटो गटातून डाउनलोड करून छापणं

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला सुमारे १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, तिथे तो कसाबसा निभावतो. पण ८ बाय १२ मध्ये समूहफोटो काढला की चेहऱ्यांचा चिखल होतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा एखाद्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकायला सांगा.

दुसरा घोळ तारखांचा. गटातून आलेल्या फोटोच्या फाइलमध्ये मूळ वेळ राहत नाही. फाइलच्या नावात दिसते ती फोटो गटात आल्याची तारीख. काकांनी चार दिवसांनी टाकलेला दौलताबादचा फोटो त्यामुळे निरोपसमारंभाच्या नंतर जाऊन बसतो. मूळ फाइल मिळाली तर हा प्रश्न सुटतो. नाही मिळाली तर खुणा वापरा: अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. कुणी ‘मंगळवार, कैलास लेणं’ असं लिहून दिलं असेल तर वार तरी चुकलाय किंवा जागा तरी. कपडेही उपयोगी पडतात. एका दिवसाची साडी किंवा टोपी दोन-तीन फोटोंत ओळखली की त्या दिवसाचे बाकीचे फोटो आपोआप गोळा होतात.

अजिंठ्याचे अंधारे फोटो मोठे छापणं

चित्रांच्या लेण्यांमध्ये फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. त्यामुळे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राचे सगळ्यांचे फोटो पिवळट, हललेले आणि दाणेदार येतात. फोनच्या पडद्यावर बरे वाटतात, कागदावर उतरले की काळपट होतात. त्यांना उजळवण्याच्या नादात रंग भलतेच होऊन बसतात. एक छोटी प्रिंट पुरे. चित्रासाठी तिथे मिळणारं चांगलं पोस्टकार्ड लावा आणि शेजारी आपल्या मंडळींपैकी कुणी तिथे काय म्हणालं ते चार ओळींत लिहा. मूळ चित्राचा चांगला फोटो जगात भरपूर आहे. तुमच्या मावशी त्या अंधारात काय बोलल्या ते कुठेच नाही.

चुकीचा गोंद, चुकीचं पेन

सेलोटेप लावूच नका. काही वर्षांत पिवळा पडतो, प्लॅस्टिक सुटून येतं आणि खालचा चिकट डाग कागदात मुरलेला राहतो. फेविकॉलसारखा पांढरा गोंद पाण्याचा असल्याने जाड लावला की कागद सुरकुततो. तो फक्त कडांना, बोटाने पुसून काढावा इतका पातळ लावा, आणि वर बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. सुरकुती पडलेली असेल तरी हेच करून बघा, पूर्ण गेली नाही तरी पान बसतं. घरची गव्हाची खळ कागदाला उत्तम, पण कसर आणि झुरळांना ती मेजवानी. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते त्यासाठीच. मोरचूद विषारी असतं, घरी त्याच्या नादी न लागता फोटोसाठी सरळ तयार कागदी कोपरे वापरा, म्हणजे फोटोची टोकं अडकवायचे छोटे त्रिकोणी कप्पे. फोटो हवा तेव्हा काढताही येतो, हा त्यांचा मोठा फायदा.

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं की पुढे वळ येतो, जेल पेनची शाई वरच्या फोटोला लागते. नावं फोटोवर लिहायचीच नाहीत, पानावर लिहायची, आणि पिगमेंट शाईच्या, म्हणजे सहज न उडणाऱ्या शाईच्या, बारीक पेनाने.

हिमरूचा, म्हणजे संभाजीनगरच्या रेशीम-सुती कापडाचा, तुकडा लावायचा असेल तर गोंद विसरा. गोंद कापडातून वर येतो आणि कडक डाग पडतो. चार कोपऱ्यांना सुईदोऱ्याने टाके घाला.

चिकट पानांचा अल्बम

पारदर्शक फिल्म उचलायची, फोटो ठेवायचा, फिल्म परत बसवायची. सोपं आहे म्हणून मंडळाच्या जुन्या संमेलनांचे फोटो बहुधा याच अल्बमांत असतात आणि आता ते पानाला घट्ट बसलेले असतात. ओढून काढू नका, फोटोचा वरचा थर सोलून निघतो. आधी आहे तसा, पानासकट स्कॅन करून घ्या, म्हणजे पुढे काही झालं तरी चित्र हातात राहतं. मग दात साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या मागे कोपऱ्यातून घालून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे सरकवा. जिथे अडेल तिथे जोर न लावता दुसऱ्या कोपऱ्याकडून या. तरीही सुटत नसेल तर फोटोच्या कडेने पान कापा आणि फोटो मागच्या तुकड्यासह नव्या वहीत लावा. दिसायला काही वाईट दिसत नाही.

वही फुगणं

बिल्ले, त्यांच्या नाड्या, जेवणाची कुपनं, स्मरणिकेची पानं असं सगळं लावलं की वहीची पुढची बाजू पाठीच्या दुप्पट जाड होते आणि शिवण सुटते. वही घेतानाच बाइंडरला सांगून दर दोन पानांमध्ये कण्याशी कार्डाच्या अरुंद पट्ट्या घालून घ्या. तयार वही असेल तर मधली काही पानं कण्याजवळ बोटभर सोडून कापून टाका, काम तेच होतं. बिल्ल्याची पिन गंजते, ती काढून टाका. नाडी एकाच बिल्ल्याची ठेवा.

वर्तमानपत्रात संमेलनाची बातमी आली असेल तर कात्रण थेट लावू नका. तो कागद स्वतः पिवळा पडतो आणि समोरच्या पानावरही तांबूस चौकोन उमटवतो. चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून लावा.

निवडीबद्दल थोडंसं. व्यासपीठावरच्या सत्काराचे फोटो ढीगभर येतात आणि अध्यक्षांना ते सगळे हवे असतात. एक पान द्या, त्यात काय बसेल ते बसेल. उरलेली पानं नाश्त्याच्या रांगेला, दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या काळोख्या भुयारात हात धरून चाललेल्या मंडळींना, आणि नानखलिया (तिथला नान आणि मटणाच्या रश्श्याचा पदार्थ) खाणारे व न खाणारे यांच्यातल्या वादाला.

पावसाळ्यात काम उरकणं

संमेलन डिसेंबरात, आणि स्क्रॅपबुक गणपतीच्या आधी द्यायचं म्हणून काम जुलैत, हे नेहमीचं. दमट हवेत गोंद वाळत नाही, गडद रंगाच्या कार्डाचा रंग फोटोला लागतो, घरच्या इंकजेट प्रिंटची शाई पसरते. घरी छापलेला फोटो निदान एक दिवस उघडा वाळू द्या, मगच प्लॅस्टिकमध्ये घाला. वाटेत वेचलेलं पान किंवा फूल पूर्ण सुकलेलं नसेल तर नकोच, बुरशी तिथूनच सुरू होते. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका. वही सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवा, पानं कोरडी झाली की घराबाहेर नेऊन, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने झटका. कडक उन्हात ठेवलं तर फोटोंचे रंग उडतात. डांबराच्या गोळ्या वहीत टाकू नका, सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवा आणि दर पावसाळ्यात बदला.

वही फिरायला सोडण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करून पीडीएफ करा आणि ती गटात टाका. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद लावा: कुणाकडे, कधी गेली, कधी आली. आणि त्याच कागदावर खाली ठळक लिहा की कुणाला स्वतःचा फोटो हवा असेल तर प्रिंट काढून मिळेल, वहीतला काढू नये.