विहिरीच्या पाण्यातलं शिसं शोधायचंय? आधी मीठ मोजा

एमएससी किंवा पीएचडीला शिशाचा बायोसेन्सर (जैविक रेणूच्या मदतीने शिसं ओळखणारी चाचणी) विषय म्हणून घेतलाय आणि सॅम्पल कोकणातल्या विहिरींचे आहेत, तर हे तुमच्यासाठी. डीएनएझाईम (इथे, शिसं भेटलं की काम करणारा डीएनएचा तुकडा), गोल्ड नॅनोपार्टिकल (सोन्याचे अतिसूक्ष्म कण) वगैरे माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

काही डिझाईनमध्ये शिसं आलं की सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं लाल सोल्यूशन निळं होतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कॅलिब्रेशन (मोजून शिसं घालून काढलेला आलेख) सरळ रेषेत येतं, सगळे खूश. मग मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी घालता आणि ते शिसं नसतानाही निळं होतं. सोन्याचे कण सुटे राहतात ते त्यांच्यावरच्या निगेटिव्ह चार्जमुळे, पाण्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम तो चार्ज झाकतं आणि कण एकमेकांना चिकटतात, बस्स. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, मिठातल्या क्लोराइडची 250. म्हणजे नियमात बसणाऱ्या पाण्यातही क्लोराइड शिशाच्या 25,000 पट असू शकतं! माझा अख्खा उन्हाळा यात गेला, रडू यायचं, म्हणून एवढं लांबण लावतेय.

"स्टँडर्ड ॲडिशन कर, सुटेल" असं सांगणारे गाईड भेटतील. ते अर्धंच खरं आहे. त्याच सॅम्पलमध्ये मोजून शिसं घालत गेलात की रेषेचा बदललेला उतार सुधारतो, पण मिठाने आधीच दिलेला खोटा सिग्नल तसाच राहतो आणि तुम्ही तो शिसं म्हणून मोजता. त्यामुळे तेवढंच मीठ आणि हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियम) असलेला पण शिसं नसलेला ब्लँक, म्हणजे तुलनेचं पाणी, बनवा, प्रत्येक विहिरीसाठी वेगळा. मीठ किती ते कळायला कंडक्टिव्हिटी मीटर विहिरीवरच न्या.

बाटल्या दोन भरा. आयसीपी-एमएस (धातू अचूक मोजणारं लॅबमधलं यंत्र) साठीच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालून पीएच 2 च्या खाली आणतात, त्यात डीएनएझाईम चालत नाही. सेन्सरसाठीची बिनॲसिडची बाटली त्याच दिवशी तपासा, जांभ्यातल्या लोखंडाचा तांबूस गाळ बसला की शिसं त्याला चिकटून खाली जातं.

बाटलीबंद पाणी 'रिअल सॅम्पल' म्हणून दाखवणारे पेपर मला अजिबात पटत नाहीत, त्यांच्या आकड्यांशी स्वतःची तुलना करून खचू नका. सगळं निळं झालं म्हणून प्रोजेक्ट बुडत नाही, फ्लुरोसन्सवाला (सोन्याच्या कणांऐवजी चमकेवर चालणारा) डीएनएझाईम घेतलात तर कण चिकटायचा प्रश्नच येत नाही, ब्लँक मात्र तिथेही लागतोच.

आणि विहिरीच्या घरचे विचारतीलच, पाणी प्यायचं की नाही. आयसीपी-एमएसचा आकडा हातात येईपर्यंत सेन्सरच्या रंगावरून काहीही सांगू नका, ते घर रोज तेच पाणी पितं.