तमिळ चित्रपटांतील जात अभ्यासायला घेताना

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी हा विषय निवडला तेव्हा मला तमिळ येत नव्हते आणि इंग्रजी सबटायटल्सवर काम भागेल, अशी माझी समजूत होती. पहिल्या प्रकरणात मी ‘या संवादांत जातीचा उल्लेख नाही’ असे ठामपणे लिहिले आणि मार्गदर्शकांनी ते वाक्य खोडून प्रकरण परत केले. तमिळमधील ‘नी’ आणि ‘नींग’ यांत आपल्या अरे-तुरे आणि अहो-जाहोइतकेच अंतर आहे, सबटायटलमध्ये मात्र दोन्हींचे ‘यू’ होते. वयाने मोठ्या माणसाला एखादा पोरगा ‘नी’ म्हणतो तेव्हा जातीचे नाव न घेताही जात बोललेली असते. म्हणून नव्याने येणाऱ्यांनी आधी निदान कानाला कळेल इतके तरी तमिळ शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी चूक क्रमाची. मी सुरुवात दिग्दर्शक पा. रंजित यांच्या ‘मद्रास’पासून (2014) केली. वास्तविक आधी ‘चिन्न गौंडर’ आणि ‘तेवर मगन’ (दोन्ही 1992) पाहायला हवे होते, कारण जातीचे नाव शीर्षकातच अभिमानाने मिरवणारे ते चित्रपट पाहिल्याशिवाय नंतरचे दिग्दर्शक कोणाला उत्तर देत आहेत, हे उमगत नाही. ‘तेवर मगन’मध्ये वडिवेलू यांनी इसक्की हा नोकर साकारला होता, त्या पात्राच्या विचारातून ‘मामन्नन’ (2023) आला, असे त्याचे दिग्दर्शक मारी सेल्वराज यांनी जाहीरपणे सांगितले आहे आणि त्यातील मामन्ननही वडिवेलूच आहेत.

आपल्याकडून या विषयाकडे जाणाऱ्यांना रंजित यांचा ‘काला’ (2018) जवळचा वाटतो, कारण त्यात तिरुनेलवेलीहून आलेल्या तमिळांची धारावी आहे. तरीही महाराष्ट्रातील जातींची मांडणी तिकडे जशीच्या तशी लावू नये. रंजित यांच्या चित्रपटांतील चेन्नईचा उत्तर भाग आणि सेल्वराज यांच्या चित्रपटांतील दक्षिणेकडील जिल्हे यांतील जाती, त्यांचे वैर आणि त्यांच्या आठवणी वेगळ्या आहेत. सेल्वराज यांच्या ‘कर्णन’मागे (2021) कोडियनकुलम या दलितांच्या गावातील 1995 ची पोलिसी कारवाई आहे, हे ठाऊक नसेल तर चित्रपटातील गावात न थांबणारी बस ही केवळ गैरसोय वाटते.

मी आता प्रत्येक चित्रपटासाठी वेगळी वही ठेवते आणि कोण बसले, कोण उभे राहिले, एवढेच आधी टिपते. ‘मामन्नन’च्या वहीची चार पाने एकाच प्रसंगाने भरली आहेत: आमदार असूनही मामन्नन वरचढ जातीतील पक्षनेता रत्नवेलू याच्यासमोर उभेच राहतात आणि त्यांचा मुलगा त्यांना खुर्चीवर बसायला लावतो.