बटाट्याच्या पेशी सुट्या करून बघा

कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी एकमेकींना कशाने चिकटल्या, हे विचारणारं एखादं पोर दर वर्षी निघतंच. मी त्याला बटाटा आणायला सांगते. फोंड्याच्या बाजारातला कुठलाही चालेल, फक्त नवा नको. जुना, पिठूळ घ्या.

आधी कच्चा कापून ब्लेडने खरवडा. खरवड स्लाइडवर, त्यावर पाण्याचा थेंब, पातळ केलेलं आयोडीन आणि कव्हरस्लिप. शंभरपट मोठं करून बघितलं की निळे-काळे पिष्टकण सैरावैरा सांडलेले दिसतात, मधे फाटक्या पेशीभित्तिका. पातं लागल्यावर पेशी फाटली, पण शेजारणीला सोडलं नाही.

आता उकडलेल्या बटाट्याचा मोहरीएवढा गर घ्या. दाबू नका, सुईने पाण्यात अलगद पसरा. या वेळी अख्ख्या पेशी एकेकट्या दिसतील, आत फुगलेल्या पिष्टाने गच्च निळ्या. दोन भित्तिकांच्या मधे पेक्टिन या चिकट पदार्थाचा थर असतो आणि कॅल्शियम त्याचे धागे बांधून ठेवतं. उकळत्या पाण्यात पेक्टिन तुटून विरघळतं. भित्तिका तशीच राहते, चिकटा जातो.

खतखत्यात (गोव्याकडची मिश्र भाजी) सोलं, म्हणजे आंबट आमसुलं, भाज्या शिजल्यावर घालतात, त्याचं कारणही इथेच आहे. आंबट पाण्यात पेक्टिन सावकाश तुटतं. सारख्या फोडी तीन भांड्यांत तितकाच वेळ उकळा: नुसतं पाणी, विनेगर घातलेलं, चिमूटभर खायचा सोडा घातलेलं. (सोलांनी रंगाचा घोळ होतो, म्हणून विनेगर.) विनेगरमधल्या पेशी गठ्ठ्यागठ्ठ्याने निघतात, सोड्यातल्या फोडींचा लगदा होतो.

प्राण्यांच्या पेशींना भित्तिका नसते, तिथे प्रथिनं धरून ठेवतात. शेजारच्या दोन पेशींवरची कॅडहेरिन नावाची प्रथिनं एकमेकांत अडकतात आणि ताठ राहायला त्यांनाही कॅल्शियमच लागतं. प्रयोगशाळेत ईडीटीए या कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाने ते काढून घेतलं की पेशींची पकड ढिली पडते. 1907 मध्ये जीवशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी स्पंज हा समुद्री प्राणी रेशमी कापडातून दाबून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या परत गोळा झाल्या आणि त्यांतून स्पंज वाढले. हे करायला हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर जाऊ नका, तिथले स्पंज तिथेच राहू देत.

घरी गालाच्या आतून टूथपिक हलकेच फिरवा, ते स्लाइडवर पुसून मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाका. काही पेशी सुट्या दिसतील, काही घोळक्याने. घोळक्यातल्यांच्या कडा नीट बघा.