मूल जेवत नाही? ताटापाशी होणाऱ्या या चुका टाळा

‘आमचं बाळ काहीच खात नाही हो’ ही तक्रार बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात, अंगणवाडीत आणि इमारतीच्या जिन्यात सारख्याच काकुळतीने केली जाते. ती करणाऱ्या आईच्या कडेवरचे मूल मात्र बहुतेक वेळा टवटवीत असते, त्याच्या मुठीत अर्धवट चोखलेले बिस्कीट असते आणि ते बिस्कीट घरातल्या कोणाच्याही हिशेबात धरलेले नसते. एक ते पाच वर्षे वयाच्या, एरवी निरोगी असलेल्या मुलांच्या बाबतीत भुकेतच बिघाड झालेला क्वचित आढळतो. घोळ असतो तो आपल्या मोजमापात आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळात.

पहिल्या वर्षातली भूक पुढेही अपेक्षिणे

जन्मतः ३ किलोचे असलेले बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत साधारण ९ किलोचे होते, म्हणजे बारा महिन्यांत ६ किलो वजन वाढते. दुसऱ्या वर्षी ही वाढ जेमतेम सव्वादोन-अडीच किलोवर येते आणि त्यानंतर काही वर्षे ती वर्षाला दोन किलोंच्या आसपास राहते. वाढ मंदावली की भूकही मंदावते, हे शरीराच्या हिशेबाने सरळ आहे. पण दहाव्या महिन्यात वाटीभर खिमट चाटूनपुसून खाणारे मूल दीड वर्षाचे झाल्यावर दोन घासांत तोंड फिरवू लागले, की घरात मीठमोहरी ओवाळण्यापासून डॉक्टर बदलण्यापर्यंत सगळे उपाय सुरू होतात. आजी ‘वाळलाय गं अगदी’ म्हणतात, तेव्हा बाळसे उतरून मूल चालू-पळू लागलेले असते, एवढेच पुष्कळदा त्यामागचे कारण असते.

याच्याच जोडीची चूक म्हणजे आपल्या अंदाजाने ताट वाढणे. दोन वर्षांच्या मुलासाठी अर्धी पोळी, दोन-तीन चमचे भाजी आणि लहान वाटीभर वरणभात हे पुरेसे जेवण ठरू शकते. आधी त्याहूनही कमी वाढावे आणि मुलाला पुन्हा मागू द्यावे, कारण भरलेले ताट पाहूनच काही मुले मागे सरकतात.

मधले खाणे हिशेबात न धरणे

सर्वाधिक घोटाळा येथेच होतो, म्हणून याकडे थोडे सावकाश पाहू. एखाद्या अडीच वर्षांच्या मुलाचा दिवस लिहून काढला, तर तो असा दिसतो: सकाळी सात वाजता पेलाभर दूध, नऊ वाजता चहात बुडवलेली दोन बिस्किटे, साडेदहाला अर्धे केळे, बाराच्या सुमारास आजोबांच्या ताटलीतला मूठभर चिवडा, आणि एक वाजता वरणभाताच्या ताटासमोर ठाम नकार. ‘सकाळपासून पोटात काही नाही’ म्हणून लगेच दुसरा पेला दूध दिले जाते, आणि रात्रीचे जेवण याच कारणाने फसले की झोपताना तिसरा. प्रत्येक पेला २०० मिलिलिटरचा धरला, तर दिवसाकाठी ६०० मिलिलिटर दूध होते. ते म्हशीचे, साय न काढलेले असेल तर त्यातूनच ६०० किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा मिळते, आणि या वयाची दिवसभराची गरज साधारण १००० किलोकॅलरींच्या घरात असते. निम्म्याहून अधिक पोट दुधानेच भरल्यावर वरणभातासाठी जागा उरणार तरी कोठे?

दूध वाईट नाही. पण त्यात लोह अत्यल्प असते आणि त्यातल्या कॅल्शियममुळे इतर अन्नातले लोहही कमी शोषले जाते. त्यामुळे केवळ दुधावर पोसलेले मूल गुटगुटीत दिसूनही रक्तक्षयी असू शकते, आणि रक्तक्षयामुळे भूक आणखी मंदावते. वयाच्या पहिल्या वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरते. ते बाटलीतून न देता पेल्यातून, आणि जेवणाच्या तोंडावर न देता मधल्या वेळेला द्यावे. चहा मात्र मुलांना मुळीच देऊ नये, कारण चहातील टॅनिनही लोहाच्या शोषणात अडथळा आणते. उलट वरणावर किंवा पालेभाजीवर लिंबू पिळण्याची आपली जुनी सवय लोह शोषले जाण्यास मदत करते.

यावर उपाय एकच आणि काहीसा कंटाळवाणा आहे. तीन दिवस एका कागदावर वेळेसह सगळे लिहावे. शेजारच्या काकूंनी दिलेले चॉकलेट आणि पेल्याच्या तळाशी राहिलेले दूधसुद्धा सोडू नये. त्यानंतर तीन जेवणे आणि दोन मधली खाणी अशा वेळा ठरवून मध्ये केवळ पाणी द्यावे. पहिले दोन-तीन दिवस रडारड होते. या काळात घरातल्या प्रत्येकाने एकच नियम पाळणे आवश्यक असते, आणि आजोबांच्या खिशातल्या गोळ्यांचा प्रश्न मुलाशी नव्हे, आजोबांशी बोलून सोडवावा लागतो.

घास कोंबणे आणि नकळत घास सरकवणे

‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ हा खेळ आहे आणि खेळाइतकाच असेल तोवर त्यात काही गैर नाही. मात्र हात धरून, मांडीत डोके दाबून किंवा मोबाइलवरील कार्टूनकडे पाहताना तोंड उघडे पडले असता घास सरकवणे ही वेगळी गोष्ट आहे. माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना आम्ही हेच करत होतो. एका रात्री टीव्हीसमोर भरवून झाल्यावर तो झोपी गेला, आणि तासाभराने पाहिले तर डाव्या गालात मऊ भाताचा गोळा तसाच होता. मी बोटाने तो बाहेर काढला. पोट भरल्याचे त्याने गालाने सांगितले होते आणि आम्ही ते वाचले नव्हते. झोपेत तो घास श्वासनलिकेत गेला असता, ही कल्पनाही नकोशी वाटते.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी मांडलेली कामांची वाटणी येथे उपयोगी पडते: काय, केव्हा आणि कोठे खायचे हे पालकांनी ठरवावे; खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने. वाचायला सोपा वाटणारा हा नियम रात्री नऊ वाजता अन्न चिवडत बसलेल्या मुलासमोर पाळणे अवघड जाते, हे मान्य करायला हवे. तरीही वीस-पंचवीस मिनिटांनी, रागावल्याशिवाय आणि ‘एवढं संपव, मग आइस्क्रीम’ असा सौदा केल्याशिवाय ताट उचलावे. सौद्यामुळे आइस्क्रीम बक्षीस ठरते आणि भाजी शिक्षा.

एकदा थुंकले म्हणून पदार्थ बाद करणे

दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान नव्या पदार्थांना नकार देणे हा मुलांच्या वाढीचाच एक भाग आहे. एखादी चव ओळखीची होण्यासाठी ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळेलाच ‘त्याला दोडका आवडत नाही’ असे त्याच्यादेखत जाहीर करून मोकळे होतो. आग्रह न करता चमचाभर भाजी ताटात असू द्यावी. लाल भोपळा भाजीत नकोसा असला तरी घारग्यात चालतो, मेथी थालीपिठात खपते. पण केवळ लपवून खाऊ घालण्यावर भिस्त ठेवू नये, भाजी भाजीच्या रूपातही दिसत राहिली पाहिजे. सर्वांनी एकत्र पंगतीला बसणे येथे कामी येते, कारण आपण स्वतः कोशिंबीर बाजूला सारत असू, तर मुलाला वेगळा धडा देण्याची गरज उरत नाही.

भुकेचे औषध स्वतःहून आणणे

औषधाच्या दुकानातून आणलेल्या ‘भूक वाढवणाऱ्या’ काही सिरपांमध्ये सायप्रोहेप्टाडीन हे ॲलर्जीवरचे औषध असते. त्याने मुलाला गुंगी येऊ शकते, आणि औषध थांबवल्यावर भूक पुन्हा पूर्वीसारखी होते. जंताच्या औषधाचा डोस राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत आणि शाळेत मोफत दिला जातो. तो चुकवू नये, तसेच भूक नाही म्हणून दर महिन्याला अंदाजाने देऊही नये.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नये

माता व बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख असतो. त्यावर वजनाचा बिंदू दरवेळी स्वतःच्या रेषेलगत वर सरकत असेल, तर मूल शेजारच्या मुलापेक्षा बारीक असले तरी चिंतेचे कारण सहसा नसते. परंतु सलग दोन-तीन महिने वजन वाढलेच नाही, रेषा खाली झुकली, गिळताना वारंवार ठसका लागत असेल, सतत उलट्या किंवा बद्धकोष्ठता असेल, मूल फिकट दिसत असेल, माती किंवा भिंतीचा रंग खात असेल, अथवा मोजून चार-पाच पदार्थांवरच जगत असेल आणि तेही कमी होत चालले असतील, तर घरगुती प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना ते कार्ड आणि तीन दिवसांचा तो कागद बरोबर न्यावा. ‘काहीच खात नाही’ या वाक्यापेक्षा डॉक्टरांना त्या कागदावरून अधिक कळते.