उपचारासाठी पैसा उभा करताना: आधी कोणते दार, नंतर कोणते

रुग्णालयाने खर्चाचा अंदाज लिहून दिला की बहुतेक घरांतून पहिला फोन जातो तो जवळच्या नातेवाइकाला किंवा सोनाराला. दोन-तीन दिवसांत मदतीचे आवाहन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते, आणि सरकारी योजना किंवा धर्मादाय खाट यांचा विचार कोणीतरी सुचवल्यावर, सगळ्यांत शेवटी होतो. हा क्रम उलटा आहे. ज्या मदतीची परतफेड करावी लागत नाही ती बहुधा उपचार सुरू होण्याआधी, निदान रुग्ण दाखल असतानाच मागावी लागते. कर्ज आणि लोकवर्गणी यांची दारे मात्र नंतरही उघडी असतात. म्हणून प्रत्येक मार्गाबद्दल तीन गोष्टी आधी विचाराव्यात: पैसे परत करावे लागतील का, ते किती दिवसांत मिळतील, आणि डिस्चार्ज झाल्यावर मागितले तर चालतील का. महाराष्ट्रातील रुग्णासाठी यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात अंदाजपत्रकापासून

तोंडी सांगितलेल्या आकड्यावर कोणतीही योजना किंवा संस्था मदत देत नाही. रुग्णालयाच्या छापील कागदावर आजाराचे नाव, करावयाची शस्त्रक्रिया किंवा उपचार, अपेक्षित खर्च, तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का असलेले अंदाजपत्रक मागून घ्यावे आणि त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवाव्यात. त्यात शस्त्रक्रियेचे शुल्क, इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग), औषधे आणि अतिदक्षता विभागाचा रोजचा खर्च वेगवेगळा दाखवण्याची विनंती करावी, कारण काही ठिकाणची मदत यांपैकी एखाद्याच बाबीला लागू पडते.

त्याच वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की उपचार किती दिवस पुढे ढकलता येतील. आठवडा-दोन आठवडे हाताशी असतील, तर मुंबईचे केईएम किंवा जे. जे., पुण्याचे ससून, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी दुसरे मत घ्यावे. कर्करोगासाठी परळचे टाटा मेमोरियल आहेच. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. उभी करायची रक्कमच निम्म्यावर आली, तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत गर्दी असते आणि तिथे नातेवाइकांची फार धावपळ होते, हे खरे आहे. तरीही केवळ त्या भीतीने तिथे चौकशीच न करणे मला चुकीचे वाटते.

रुग्ण किंवा घरातील कोणी नोकरीत असेल, तर कंपनीचा गट विमा आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची नोंद तपासावी. मुलांच्या नोकरीतील विम्यात आईवडिलांचे नाव असते आणि घरात ते कोणाच्या लक्षातही नसते, असे पुष्कळदा घडते.

योजना आणि धर्मादाय खाटा

पहिली चौकशी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची करावी. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली ही योजना आता आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून, तिच्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती असल्यामुळे आजही पुष्कळ पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबे ती आपल्यासाठी नाही असे समजतात; वास्तविक आता ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली आहे. शिवाय 70 वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचे संरक्षण 2024 पासून मिळते.

या योजनेत रोख रक्कम रुग्णाच्या हाती दिली जात नाही. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन जावे लागते, रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागते आणि पैसे थेट रुग्णालयाला मिळतात. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून मान्यता घेण्याची सोय आहे. रुग्णालय योजनेत असले, तरी हवा असलेला उपचार त्या रुग्णालयात योजनेतून होतो का, हे वेगळे विचारावे लागते. ‘आमच्याकडे योजना आहे’ एवढ्या उत्तरावर विसंबून दाखल होऊ नये.

दुसरे दार विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या रुग्णालयांचे आहे, आणि ते ठोठावायचे बहुतेक लोक विसरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 कक अन्वये, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळी ठेवायची असते. वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत असलेले कुटुंब निर्धन, तर 3,60,000 रुपयांपर्यंतचे कुटुंब दुर्बल घटकांत धरले जाते. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत आणि त्यांत मोठमोठी, नामांकित रुग्णालयेही आहेत.

आमच्या घरातील एका वडीलधाऱ्यांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही घाबरून पहिल्याच रात्री मोठी अनामत रक्कम भरली. ते रुग्णालय विश्वस्त संस्थेचे आहे आणि तिथे सवलतीची खाट मागता आली असती, हे आम्हाला चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मुलाकडून कळले. तोपर्यंत आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला नव्हता, आणि तो तहसील कार्यालयातून येईपर्यंत डिस्चार्जची तारीख जवळ आली. म्हणून आग्रहाने सांगावेसे वाटते की मोठा आजार निघाल्याचे कळताच, रुग्णालय ठरण्याआधीसुद्धा, घरातील एकाने तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात अर्ज करून यावे. हा एकच कागद पुढे जवळजवळ प्रत्येक दारी लागतो. रुग्णालयात दाखल होताना वैद्यकीय समाजसेवकांना भेटून खाटेची मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी; खाटा भरल्याचे सांगून टाळाटाळ होत असेल, तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करता येते. तातडीच्या अवस्थेतील निर्धन रुग्णाला अनामत रकमेसाठी परत पाठवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

उरलेल्या रकमेसाठी निधी आणि न्यास

या दोन दारांतून खर्च पूर्ण भागला नाही, तर मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांच्याकडे अर्ज करावा. मुख्यमंत्री सहायता निधीतून ठरावीक गंभीर आजारांसाठी अंशतः मदत मिळते. अर्जासोबत अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि अपघात असल्यास प्रथम खबरी अहवाल जोडावा लागतो, आणि खासगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र लागते. दोन्ही निधींतील मदत रुग्णालयाकडे जाते आणि आधीच केलेल्या खर्चाची भरपाई म्हणून ती मिळत नाही. अर्ज केला म्हणून अमुक दिवशी रक्कम येईलच, असे धरून शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये.

धर्मादाय न्यासांपैकी टाटा न्यास, मुंबईचे श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास आणि शिर्डीचे श्री साईबाबा संस्थान रुग्णांना मदत देतात. एका न्यासाकडून पूर्ण रक्कम मिळण्याची अपेक्षा न ठेवता, चार ठिकाणी थोडी थोडी मागावी आणि प्रत्येक अर्जात इतर ठिकाणी काय मागितले, काय मिळाले, हे प्रामाणिकपणे लिहावे. न्यास रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे चौकशी करतात आणि लपवलेली मदत उघड झाली, तर पुढचे दार बंद होते. अठरा वर्षांखालील मुलाला जन्मजात हृदयदोष असेल, तर या सगळ्याच्या आधी जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करावी. दुर्मिळ आजार असेल, तर 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली निवडलेल्या केंद्रांतून 50 लाखांपर्यंतची मदत मिळू शकते. मुंबईत केईएम हे असे केंद्र आहे.

कर्करोगाचा उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि बाहेरगावच्या कुटुंबाला राहण्या-खाण्याचा खर्चच मोडून टाकतो. परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांनी अशा असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे, आणि रेल्वेही कर्करोगाच्या रुग्णांना भाड्यात सवलत देते. हा खर्च वाचवणे म्हणजे तेवढी रक्कम उभी करणेच होय.

कर्ज घ्यावे लागले तर

स्वतःच्याच पैशांपासून सुरुवात करावी: भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी काढता येणारी रक्कम, मुदत ठेवीवरील कर्ज, आयुर्विम्याच्या पॉलिसीवरील कर्ज. त्यानंतर बँकेचे सोनेतारण कर्ज. सावकाराचा ‘शेकडा तीन रुपये’ हा दर ऐकायला लहान वाटतो, पण तो महिन्याचा असतो. 2 लाखांवर वर्षाला त्याचे 72,000 रुपये व्याज होते, तर वर्षाला 10 टक्के दराच्या सोनेतारण कर्जावर तेच 20,000 होते. जमीन विकण्याचा निर्णय तर पहिल्या आठवड्यात घेऊच नये. गरजवंताला भाव मिळत नाही आणि गेलेली जमीन परत येत नाही.

लोकांकडे मागताना

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या संकेतस्थळांवरून निधी गोळा करणे आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. मात्र तिथे आवाहन टाकल्याबरोबर अनोळखी लोक धावून येतात, ही समजूत सोडून द्यावी. सुरुवातीचे दान बहुधा ओळखीचेच लोक देतात आणि त्यांनी पुढे पाठवल्यावरच आवाहन दूरवर जाते. त्यामुळे शाळेच्या जुन्या वर्गमित्रांचा गट, गावचे गणेश मंडळ, कामाच्या ठिकाणची पतसंस्था, परदेशी असलेले भाऊबंद यांच्याशी आधी बोलावे. रक्कम 1-2 लाखांची असेल, तर संकेतस्थळाची गरजही नसते. वही आणि एक बँक खाते पुरते.

संकेतस्थळ निवडताना काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. जमलेल्या रकमेतून किती टक्के कापले जातील, दात्याकडून वेगळी ‘टिप’ मागितली जाते का, जाहिरातीसाठी निधीतलेच पैसे वापरले जाणार का, रक्कम किती दिवसांत आणि कोणाच्या खात्यात जाईल, आणि परदेशातून दान घेता येते का, हे त्यांत मुख्य. जाहिरातीचा खर्च निधीतून कापण्याला सरसकट होकार देऊ नये; दिसायला मोठा असलेला आकडा हाती येईपर्यंत बराच आक्रसतो. शक्य असेल तिथे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जाण्याचा पर्याय घ्यावा. दात्याचा विश्वास त्याने वाढतो, शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण 50,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम स्वतःच्या खात्यात आली, तर प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहू शकतो. मोठी रक्कम येणार असेल, तर सनदी लेखापालांचा सल्ला आधीच घ्यावा. व्यक्तीच्या खात्यात दिलेल्या मदतीवर दात्याला करसवलत मिळत नाही, हेही त्याला सांगावे.

आवाहनात आजार, रुग्णालय, एकूण खर्च, आतापर्यंत जमलेली रक्कम आणि कमी पडणारी रक्कम स्पष्ट लिहावी. रुग्ण शुद्धीवर असेल, तर त्याच्या संमतीशिवाय छायाचित्र टाकू नये. नळ्या लावलेल्या लेकराचे चित्र एकदा पसरले की ते परत घेता येत नाही, आणि ते मूल उद्या बरे होऊन शाळेत जाणार असते. अहवालांवरील पत्ता, आधार क्रमांक आणि दूरध्वनी झाकावा. क्यूआर कोड बदलून तेच आवाहन दुसऱ्याने पुढे पाठवल्याचे प्रकार होतात, म्हणून खातेदाराचे नाव मजकुरात लिहावे आणि पैसे पाठवण्याआधी ते नाव पडताळण्याची विनंती करावी.

आवाहनावर तारीख घालायला मात्र मुळीच विसरू नये. तारीख नसलेले संदेश रुग्ण बरा झाल्यावर, कधी तो गेल्यावरसुद्धा, वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि कुटुंबाच्या जखमेवर पुन्हा पुन्हा बोट ठेवतात. रक्कम पुरी होताच, ज्या ज्या गटांत आवाहन टाकले त्या प्रत्येक गटात ‘आता पैसे पाठवू नयेत’ असे कळवावे, संकेतस्थळावरील आवाहन बंद करावे, जमा-खर्चाचा एक पानी हिशेब दात्यांना पाठवावा, आणि काही रक्कम उरली असेल, तर ती पुढच्या औषधांसाठी ठेवायची की त्याच रुग्णालयातील दुसऱ्या गरजू रुग्णाला द्यायची, हे त्यांना विचारून ठरवावे.