गोदामातलं दप्तर पावसाळ्यात कसं टिकवलं

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्याचं जुनं दप्तर खानापूर रोडवरच्या भाड्याच्या गोदामात असतं. आषाढ लागला की खालच्या खोक्यांवर बुरशी यायची. पत्रे गळत नव्हते, ओल फरशीतून आणि भिंतीतून चढत होती.

खोकी लाकडी पॅलेटवर घेतली, जमिनीपासून 15 सेंमी वर आणि भिंतीपासून 30 सेंमी लांब. एकावर एक चारच, नाहीतर तळचं खोकं दबतं. प्लास्टिकची गुंडाळी काढून टाकली, तिच्यात ओल कोंडते. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, म्हणून आर्द्रतामापक टांगून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावला. पावसात खिडक्या मात्र उघडायच्या नाहीत. कामगारांना हे पटायला वेळ लागतो, पण बाहेरची हवा आतल्याहून ओली असते.

बॅकअपच्या एलटीओ टेप (संगणकातला डेटा साठवायच्या चुंबकीय टेप) कागदांसोबत ठेवूच नका. त्यांना 16 ते 25 अंश तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता लागते. टेप केसमध्ये उभ्या ठेवा. अधूनमधून एखादी फाइल परत उतरवून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा नको.

खोक्यावर वर्ष, खातं, क्रमांक आणि नष्ट करायची तारीख लिहा. जीएसटीचं दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावं लागतं: 2023-24 चं 31 डिसेंबर 2030 पर्यंत. कंपनीच्या हिशेबवह्यांना 8 आर्थिक वर्षं. दोन्ही लागू असतील तर लांबची तारीख धरा. अपील चालू असलेल्या खोक्याला लाल पट्टी लावा, ते रद्दीत जाता कामा नये.