अलंकार वापरताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ ‘जणू’पाशी होतो. ‘सारखा’ दिसला की उपमा आणि ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, असं आपण घोकलेलं असतं. त्यावर गुण मिळतात, पण लिहायला बसलं की हे पाठांतर उपयोगी पडत नाही. उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते) आणि उपमान (ज्याच्याशी त्याची तुलना करायची ते) यांच्यात अंतर किती ठेवायचं, हे तिथे ठरवावं लागतं.

एकच राग घ्या. ‘त्याचा राग वणव्यासारखा पसरला’ ही उपमा. राग आणि वणवा शेजारी उभे आहेत, दोन्ही दिसतात. ‘त्याचा राग म्हणजे जणू वणवाच’ ही उत्प्रेक्षा. कल्पना धावते, पण ही कल्पना आहे याची कबुलीही देते. ‘रागाचा वणवा पेटला’ म्हटलं की झालं रूपक, कबुली गेली. ‘हा राग नव्हे, वणवा आहे’ ही अपन्हुती, रागच नाकारला. आणि ‘त्याच्या रागापुढे वणवाही थंड’ हा व्यतिरेक. त्यात उपमानालाच खाली बसवलं. शांत वर्णनात एकदम अपन्हुती आली तर उगाच ओरडल्यासारखं वाटतं. उलट, भांडण ऐन रंगात असताना ‘सारखा’ आला की वेग मंदावतो.

(भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढच्या पंडितांनी यादी फुगवली, तेव्हा एखादं नाव विसरलात तर फार मनावर घेऊ नका.)

रूपकातला नेहमीचा घोटाळा म्हणजे ‘रागाचा वणवा हळूहळू आटला.’ वणवा विझतो, आटतं ते पाणी. एकदा वणवा म्हटलं की क्रियापदही आगीचंच हवं. स्वतःचं लिखाण तपासताना मी आधी क्रियापदांवर बोट ठेवतो.

श्लेष आणि यमक यांची गल्लतही जुनीच. यमकात तेच ध्वनी पुन्हा यावे लागतात. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन अर्थ देऊन जातो. ‘सरकारचे कर सगळ्यांपर्यंत पोचतात.’ इथे ‘कर’ काढून ‘हात’ ठेवून बघा. गंमत गेली, म्हणजे तो शब्दश्लेष.

अतिशयोक्तीचं थोडक्यात: ‘शंभरदा सांगितलं’ हे भांडणात चालतं, तक्रार अर्जात लिहिलंत तर समोरचा मोजायला बसतो.

व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून केलेली निंदा, कागदावर हमखास फसते. ‘वा, काय वेळेवर आलात!’ बोलताना सूर सगळं सांगतो, लिहिताना तो नसतो. म्हणून आधीच्या वाक्यात घड्याळ दाखवा: बैठक दहाची, साहेब आले साडेअकराला. मग ‘वेळेवर’ हा शब्द आपोआप टोचतो.